पिंपळावरचा वर्षावास

१६ जुलै २०१९, आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावासाचं ग्रंथवाचन सुरू झालं. रोज संध्याकाळी विहारात वंदना, पंचशील आणि मग वाचन, ते थेट अश्विन पौर्णिमेपर्यंत. विहार समितीची अध्यक्ष म्हणून माझं हे पहिलं वर्ष. मागची काही वर्षं पोळा आला की वाचन बंद पडायचं. आधी बाया कमी व्हायच्या, मग माणसं, शेवटी वाचणारा एकटा अन् भिंतीवरची पाल. यंदा शेवटच्या पानापर्यंत नेऊन दाखवीन, असं मी भर बैठकीत बोलून बसली आहे. पोलिओचे डोस पाजायला नाल्याच्या पुरातून गेलेली नर्स मी. रिटायर झाली म्हणून काय हातपाय गळाले?

पण पहिल्याच दिवशी शिंतोडा. विहारासमोरच्या पिंपळावर यंदा बगळे उतरलेत. आम्ही बाया पांढऱ्या साड्या नेसून रांगेनं निघालो, तर सुंदरबाईच्या खांद्यावर पच्चकन पडलं. वळून पाहते तर माझ्याही. वरून सडक्या मासोळीचा वास. आमचे सचिव भय्याजी म्हणतात, "शुभ असते म्हणतेत." मी म्हणाली, "तुमच्या शर्टावर पडू द्या, मग सांगा."

१९ जुलै

डोमाजी सकाळपासून पिंपळाखाली काठी आपटत होते. गावानं दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांच्या वडिलांनी हे झाड लावलं आणि पाणी घालायचं काम लहानग्या डोमाजीकडे होतं. आता म्हातारा पंच्याहत्तरीला टेकला, नवी कवळी बसवली, पण झाडाला कोणी खिळा ठोकला तरी ह्यांना दुखतं.

"माया बापानं लावलेलं तथागताचं झाड, बाई," म्हणाले, "अन् हे त्याच्यावर हगून राहिले. पानं पाह्य, चुना फासल्यावानी झाले. माया पोरानं, सेवकरामनं, धानाच्या बांधीतल्या रानडुकरांसाठी सुतळी बॉम्बचा डबा आणला. डुकरं तरी आवाजाले भेतेत. हे कायलेच भेत नाही."

झाडालगत मंगेशचं चहाचं दुकान आहे. त्याच्या टिनावर तर दिवसभर टपटप. तोही ओरडत होता, "एक दिवस यांचा बंदोबस्तच करतो!" गिऱ्हाईक पळतात बिचाऱ्याचे. समितीनं ठरवलं, रविवारी झाडं छाटणाऱ्या कवडूला बोलवून खालच्या फांद्या उतरवायच्या.

२१ जुलै, रविवार

कवडू कुऱ्हाड घेऊन चढला आणि तेवढ्यात फॉरेस्टवाली कामिनी स्कूटीवरून चहाला थांबली. पोरगी वयानं माझ्या लेकीएवढी, प्रतिक्षाएवढी, पण वर्दीतला आवाज काय! कवडू अर्ध्या झाडावरून सरकत खाली आला.

"मॅडम, घरट्यात अंडी आहेत. अंडं फोडणं, घरटं मोडणं म्हणजे कायद्यात शिकारच. बंदूक लागत नाही त्याले."

"अन् आमच्या साड्या?" मी विचारलं.

"साड्या कायद्यात नाहीत, मॅडम. पिल्लं उडून गेली की छाटणीचा अर्ज करा. तोवर काही झालं तर अध्यक्ष म्हणून पहिलं नाव तुमचं."

मी म्हणाली, मग उपद्रवी पाखरं कायद्यात नाहीतच का? तर म्हणे आहे की, कावळा. उंदराच्या शेजारी त्याचं नाव उपद्रवी प्राण्यांच्या यादीत आहे. आता घ्या. कावळ्यानं माझं जन्मात काही बिघडवलं नाही. ज्यानं साडी नासवली त्याला सरकारचं संरक्षण. धरलं तर चावते, सोडलं तर पळते अशी गत झाली माझी.

२८ जुलै

सगळीकडे रोवणा सुरू आहे. बाया दिवसभर चिखलात वाकून धान लावतात आणि संध्याकाळी पाठ धरून घरी येतात. त्यात वंदनेला पांढरी साडी नेसून यावं तर ती बगळ्यांची शिकार. आज विहारात सहा डोकी होती, त्यातलं एक पेंगत होतं.

मी जाहीर केलं, उद्यापासून असेल त्या रंगाची साडी नेसून या आणि छत्री आणा. भय्याजी नाराज झाले. परंपरा आहे, म्हणाले. मी म्हणाली, "पांढऱ्या रंगानं शील येत असतं तर हे बगळे कधीच अर्हत झाले असते." सुंदरबाई एवढी हसली की पेंगणारी जागी झाली.

४ ऑगस्ट, रविवार

पिल्लं निघालीत. नुसती कचकच. माझा आवाज शाळेतल्या घंटीसारखा, तरी मागच्या रांगेला ऐकू जाईना.

आज वाचनात वर्षावासाची सुरुवात कशी झाली ते आलं. पावसाळ्यात भिक्खू फिरत, त्यांच्या पायाखाली हिरवी शेतं आणि बारीक जीव चिरडत, लोक नावं ठेवत. म्हणून पावसात एका जागी बसायचं ठरलं. तेवढ्यात पिंपळावर पुन्हा कालवा झाला. सुंदरबाई म्हणाली, "म्हणजे हे बी वर्षावासालेच बसले म्हना."

सगळे हसले. डोमाजी नाही हसले. "बसले नाही, घुसले," म्हणाले आणि वाचन संपायच्या आधीच काठी टेकत निघून गेले.

९ ऑगस्ट

पहाटे अंगणात झाडू मारत होती, तर विहाराकडे धडाम् झालं. दुसरा आवाज झाला तोवर मी पळत सुटली होती. आभाळ पांढरं झालं होतं बगळ्यांनी. सगळे उठले आणि घिरट्या घालत तळ्याकडे गेले. घरट्यांत नुसती पिल्लं.

मग आले कावळे. बापा रे! मी दगड मारले, ओरडली, छत्री फिरवली. वर उंचावर माझं काय चालणार? एकेक पिल्लू उचलून नेलं माझ्या डोळ्यांदेखत. भीतीनं काही आपणच खाली पडली. पस्तीस वर्षं बाळंतपणं केली, मेलेलं मूलही हातात धरलं आहे, पण आज मी पिंपळाच्या पारावर बसून रडली. ज्यांना रोज शिव्या देत होती त्यांच्यासाठी.

बुंध्याशी जळकी सुतळी पडली होती. मंगेश दुकानासमोर उभा होता. स्टो पेटवलेला, हातात चहा उकळायचं रिकामं गंज, चेहरा पडलेला.

"कोणी केलं रे?"

"मी काही पाहिलं नाही, बाई." खाली मान घालून बोलला.

मला तिथंच कळलं. दिवाळीत फटाक्यांचं दुकान हाच लावतो. बंदोबस्त करतो म्हणून ओरडत होता, केला बंदोबस्त!

पडलेल्यांत एक जिवंत निघालं. अंगावर विरळ पिसं, चोच तेवढी मोठी. घरी आणून लस न्यायच्या जुन्या डब्यात कापूस घालून ठेवलं. डोमाजींना सांगायला गेली तर ते पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेले. बीपी वाढला, असं सून म्हणाली. झाडाचं कळलं असेल, धसका घेतला म्हाताऱ्यानं.

१० ऑगस्ट

कामिनी आली, पंचनामा केला. कोणावर संशय? मी मंगेशचं नाव सांगितलं, भर चौकात, दहा लोकांसमोर. तो काहीच बोलला नाही. बोलेल कसा?

"पाहिलं कोणी?" कामिनीनं विचारलं. पाहिलं तर कोणीच नव्हतं. मग ती म्हणाली, पुरावा नसताना नाव लिहिता येत नाही, नक्की कळलं की फोन करा. जाता जाता तिची नजर डब्यावर पडली.

"मॅडम, जंगली पक्षी घरी ठेवणं हासुद्धा गुन्हा आहे बरं."

"मग काय कावळ्याले देऊ?"

तिनं टोपी नीट केली. "चार-पाच दिवस उपचार समजा. जीव धरला की परत झाडावर ठेवा. आई खाऊ घालते त्याले, माणसाचा वास-बीस पाहत नाही."

आज दुपारी समितीच्या बैठकीत मंगेशचा चहा आला नाही. न येऊ दे. बायांनाही मी सांगून ठेवलं आहे, तिथून पाव-बिस्किट घ्यायचं नाही.

१२ ऑगस्ट

पिल्लू भात खात नाही, दूध पीत नाही. मासोळी पाहिजे साहेबांना. मी कुठून आणू म्हणत होती, तर दारात डोमाजी. हातात पळसाच्या पानात बारीक मासोळ्या, शकुनबाई ढिवरिणीकडून आणलेल्या. मी पाहतच राहिली.

"तुम्ही? बगळ्यासाठी?"

"खाते का पाह्य," एवढंच म्हणाले.

खाल्लं. चोच वासून एकामागून एक गट्टम. डोमाजी डब्याशेजारी जमिनीवर बसून राहिले, किती तरी वेळ. म्हातारपणी माणूस हळवा होतो. बीपीची गोळी बदलून पाहावी म्हणते.

एक मात्र डोक्यातून जात नाही. एका जिवाला वाचवायला पानभर मासोळ्या मेल्या. हे शीलात बसते की नाही? भंतेंना विचारीन म्हटलं होतं, पण ते उलट विचारतील की तू मासोळी खात नाहीस का. खाते. मागच्याच बुधवारी खाल्ली.

१६ ऑगस्ट

आज पिल्लू झाडावर गेलं. पावसाची झिमझिम होती. बांबूच्या टोपलीत पालापाचोळा घालून कवडूनं ती खालच्या फांदीवर बांधली. शिडी धरायला तरणी पोरं होती, पण डोमाजींनी हट्टानं शिडी धरली. भय्याजी म्हणाले, बाबा, तुम्ही बाजूला व्हा, पडाल. ऐकतील तर शप्पथ.

आम्ही विहाराच्या ओसरीतून पाहत बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग एक बगळी आली. फांदीवरून टोपलीकडे मान लांब करून पाहिलं, मागं सरकली, पुन्हा आली. आणि पिल्लानं तिची चोच धरली! सुंदरबाईनं टाळ्या वाजवल्या. डोमाजींचा चेहरा ओलाचिंब होता. छत्री घेऊन या म्हणून सगळ्यांना सांगते, हे एक ऐकत नाहीत.

मंगेश दुकानातून पाहत होता. मी तिकडे पाहिलं तसा आत गेला.

२२ ऑगस्ट

एक गोष्ट लक्षात आली. पंचशील घेताना मी एकेक ओळ म्हणते आणि मागून सगळे म्हणतात. मी बाजूला लोकांकडे तोंड करून बसते, म्हणून प्रत्येकाचं तोंड दिसतं. "पाणातिपाता वेरमणी" म्हणजे जीवहिंसेपासून दूर राहण्याचं पहिलं शील. त्या ओळीला डोमाजींचे ओठ हलत नाहीत. पुढच्या चारही ओळी खणखणीत म्हणतात. मागच्या आठवड्यातही असंच झालं होतं.

कवळीच असणार. पाणातिपाता म्हणताना ओठ दोनदा मिटावे लागतात, नवी कवळी तिथं सरकत असेल. मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा म्हणून सांगितलं. "हो बाई," म्हणाले. गुणी पेशंट आहे.

३१ ऑगस्ट

काल पोळा झाला आणि आज वाचन बंद पडलं नाही! उलट विहारात बसायला जागा नव्हती. बाया आधी टोपलीखाली उभ्या राहतात, किती मोठं झालं ते पाहतात, आणि मग आत येतात. छत्र्यांचा ढीग लागतो ओसरीत. प्रतिक्षा भंडाऱ्याहून आली होती. म्हणाली, "आई, तू या बगळ्यांले नावं ठेवते म्हणते अन् दिवसातून दहा वेळा त्यांच्याचकडे पाहते." मी म्हणाली, अध्यक्ष आहे, जबाबदारी आहे, केस माझ्यावर होईल. ती हसत सुटली. यात हसण्यासारखं काय आहे?

मंगेशच्या दुकानात आमच्या वस्तीतलं कोणी जात नाही आता. एक डोमाजी सोडून. ते रोज सकाळी तिथंच पहिला चहा घेतात. मी टोकलं तर म्हणाले, "जाऊ द्या ना बाई, पोरगा चांगला हाये." चांगुलपणाला काही मर्यादा असते की नाही?

१५ सप्टेंबर

पिल्लू टोपलीतून वरच्या फांदीवर गेलं. आता ओळखू येत नाही त्यांच्यात.

डोमाजींना भंडाऱ्याला दातांच्या डॉक्टरकडे नेऊन आणलं. कवळी एकदम बरोबर बसली आहे म्हणे. "पाणातिपाता म्हणून दाखवा," मी तिथंच म्हणाली. डोमाजी खिडकीबाहेर पाहत बसले. डॉक्टर पोरसवदा आहे, त्याला काय कळते.

८ ऑक्टोबर, दसरा

अर्धं गाव नागपूरला दीक्षाभूमीवर गेलं. डोमाजी गेले नाहीत, जन्मात पहिल्यांदा. गुडघे दुखतात, म्हणाले. दुपारी मी विहार झाडत होती तर येऊन पायरीवर बसले. पिंपळ आता शांत आहे. थोडेच बगळे उरलेत, तेही संध्याकाळी येतात फक्त.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना."

"शील तुटलं, तर पुन्हा घेता येते का?"

मला वाटलं, तरुणपणीची मोहाची दारू आठवली असेल म्हाताऱ्याला. मी म्हणाली, "येते ना बाबा. रोज घेतो ते कायले मग? तुटते म्हणूनच रोज घेतो."

ते बराच वेळ पिंपळाकडे पाहत होते. मग उठले आणि माझ्या हातातला झाडू घेऊन पायऱ्या झाडल्या. मी नको म्हणाली तरी.

१३ ऑक्टोबर, अश्विन पौर्णिमा

वाचन पूर्ण झालं. शेवटचं पान वाचलं. पण मला लिहायचं आहे ते दुसरंच.

विहार भरलेला होता. भंते आले होते, तरी पंचशील मीच द्यावं असं ते म्हणाले. बाया आज पुन्हा पांढऱ्या साड्यांत. मी पहिली ओळ म्हणाली, सगळ्यांनी म्हटली. सवयीनं माझी नजर डोमाजींकडे गेली. ओठ मिटलेले. मी दुसरी ओळ सुरू केली, "अदिन्नादाना", आणि मागून एकटाच आवाज आला, घोगरा, मोठा.

"पाणातिपाता वेरमणी..."

आणि तिथंच अडकला. पुढचं येईना. दोन्ही हात जोडलेले आणि गालांवरून पाणी. आज पाऊस नव्हता.

अगं बाई गं. मला तेव्हा कळलं. बॉम्बचा डबा, पांघरूण, मासोळ्या, शिडी, कवळी. सगळं माझ्या समोर घडलं आणि मी त्यांना मिठाच्या गुळण्या देत बसली. त्यांना फक्त हाकलायचे होते बगळे, बापाच्या झाडावरून. कावळे येतील हे त्यांना काय ठाऊक? मलाही नव्हतं.

लोक मागं वळून पाहायला लागले. भय्याजींनी तर चष्माच नीट केला. मी हात वर केला आणि म्हणाली, "थांबा. पुन्हा पहिल्यापासून." आणि पहिली ओळ म्हणाली, हळूहळू, एकेक शब्द तोडून. सगळ्या विहारानं म्हटली. डोमाजींनीही म्हटली, सगळ्यांसोबत, शेवटपर्यंत.

घरी येताना प्रतिक्षानं विचारलं, "आई, मधातच काहून थांबली?"

"माझा सूर चुकला," मी म्हणाली.

१४ ऑक्टोबर

सकाळी मंगेशच्या दुकानात गेली. दोन महिन्यांनी. बाकावर बसली तर त्यानं न बोलता चहा ठेवला.

"मंगेश, तुले मालूम होतं."

तो गंज घासत राहिला. "पहाटे स्टो पेटवून राहिलो होतो. समोरच तर आहे झाड."

"मग बोलला काहून नाही? मी चारचौघांत तुझं नाव घेतलं, तुझं गिऱ्हाईक तोडलं."

"चौकात तुम्ही इचारलंच कुठं, बाई? तुम्ही तर सांगून राहिल्या होत्या."

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली मी, आणि संन्यासी दोन महिने चहा विकत बसला. मी माफी मागितली, चार गिऱ्हाइकांसमोर, जसं नाव घेतलं होतं तशीच. तो लाजला. "जाऊ द्या, चहा थंडा होते," म्हणाला. मग त्यानं सांगितलं, डोमाबाबा रोज पहिला चहा घ्यायला यायचे आणि पहिल्या दिवसापासून म्हणायचे, चाल, मी फॉरेस्टवालीले सांगतो. यानंच थांबवलं. बाबा या वयात चौकीवर बसतील का, म्हणाला.

दुपारी कामिनीचा फोन. पिल्लं उडाली, आता छाटणीचा अर्ज करू शकता. मी भय्याजींना सांगितलं, भय्याजींनी डोमाजींना विचारलं. म्हातारा म्हणाला, "कायले छाटता? पुढच्या साली आले तर बसतील कुठं?" त्यापेक्षा पारावर टिनाचं छप्पर घाला, असं त्यांचं म्हणणं. बैठकीत घेऊ.

फोन ठेवता ठेवता कामिनीनं विचारलंच, "अन् मॅडम, त्या बॉम्बवाल्याचं नाव कळलं का?"

"नाही कळलं," मी म्हणाली. "पण पुन्हा होणार नाही, ते मी लिहून देते."

तिकडून कागद मिटल्याचा आवाज आला. मग "बरं" म्हणाली.

म्हणजे खोटं न बोलण्याचं चौथं शील गेलं माझं, तेही वर्षावास संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी. वाचन संपलं, पण संध्याकाळची वंदना आहेच. चौथ्या ओळीला माझं तोंड हलते की नाही, ते आता डोमाजी पाहतील.